बिनधुराचा शेक

आधीच कबूल करते, इथे तुम्ही टाकता ते चमत्कारांचे अनुभव मी आजवर चहासोबत खारी खावी तशी वाचत आले. चवीला बरे, पोट काही भरत नाही. रागावू नका. माझा धंदाच तसा आहे. जळगावला एका आयटीआयमध्ये मी इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते. बाई आणि इलेक्ट्रिशियन... यावर जे काही बोलायचं ते लोकांचं बोलून झालंय, तुम्ही नवीन काही शोधायचे कष्ट घेऊ नका. वर्कशॉपच्या पॅनल बोर्डाला कुणी लिंबू-मिरची बांधली की मी ती सगळ्यांसमोर सोडते आणि मिरच्या घरी नेऊन पोह्यांत घालते. खंडेनवमीला मल्टिमीटरला हळदकुंकू वाहतो आम्ही, पण ते पेढ्यांसाठी. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगते — पोरांनो, वीज नातं बघत नाही. रस्ता मिळाला की जाणार, नाही मिळाला की नाही जाणार. कॉइल तापली तर करंट आहे म्हणून तापली. बाकी सगळ्या गप्पा.

तर अशा बाईला जे दिसलं, ते लिहितेय. पटलं तर बघा.

गेल्या वर्षीचा श्रावण. ठिकाण नरडाणा — धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका. स्टेशनवरून एमआयडीसीकडे जाताना एक नवी कॉलनी लागते. अर्ध्या प्लॉटवर घरं, अर्ध्यांवर कमरेएवढं गवत, मागे कपाशीची शेतं. तिथे माझे मोठे भाऊ, नाना, राहतात. स्लॅबच्या दोन खोल्या आणि पुढे ग्रिल लावलेली पडवी. त्यांचा मुलगा चेतन एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्टला जातो. चेतनची बायको मयुरी तेव्हा नुकती बाळंत झाली होती. दिवस भरायच्या आतच मुलगी झाली. मूठभर जीव. धुळ्याच्या हॉस्पिटलात तिला बरेच दिवस काचेत ठेवलं होतं आणि आता कुठे घरी आणलं होतं.

आता हे ऐका, म्हणजे घरातली धास्ती कळेल. याआधी मयुरीला एक मुलगा झाला होता. तोही असाच लवकर. तोही काचेत होता. तो काचेतून घरी आलाच नाही. त्यामुळे त्या घरात 'काच' हा शब्द कुणी उच्चारत नसे. खिडकीच्या काचेलाही मयुरी 'तावदान' म्हणायची, आणि बांगड्या फुटल्या तर कुणी 'काच लागेल' असं म्हणायचं नाही, 'बघून चाल' एवढंच.

घरात मोठं बाईमाणूस नव्हतं. मयुरीची आई शहाद्याला पाय मोडून पडलेली. आणि माझी वहिनी, सुमनवहिनी, फाल्गुनात गेली. बसल्या जागी छातीत कळ आली आणि संपलं. सुमनवहिनी म्हणजे शेक. अख्ख्या गल्लीत कुठेही बाळंतीण असो, शेक द्यायला हिलाच बोलावणं. आमच्याकडे शेक म्हणजे एक पूर्ण सोहळा असतो हो. शेगडीत गोवऱ्यांचा निखारा, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची टरफलं. वर बांबूची टोपली पालथी घालायची, टोपलीवर बाळाची झबली-दुपटी पसरायची. ती कोरडी होतात, तापतात, वास धरतात. वहिनी प्रत्येक दुपटं आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मगच बाळाला गुंडाळायची. मी तिला म्हणायचे, "वहिनी, तुझी टोपली म्हणजे देशी ड्रायर आहे." ती तिच्या अहिराणीत म्हणायची, "तुना ड्रायरले गाल शे का?"

असो. चेतनचा फोन आला तो ड्रायरसाठीच. झड लागली होती. ऊन पडायचं नावच घेत नव्हतं आणि घरभर दोऱ्या बांधूनही बाळाचं एक कापड धड वाळत नव्हतं. कंपनीतले एक साहेब गुजरातेत बदलून गेले, ते जाताना आपला कपड्यांचा इलेक्ट्रिक ड्रायर याच्या गळ्यात मारून गेले होते. एक-दोन दिवस चालला. मग बिघडला.

"फुई, फिरतो पण तापत नाही," चेतन म्हणाला. फुई म्हणजे आत्या. "इथे कुणाला कळत नाही त्यातलं. तू येशील का?"

मी बॅगेत मल्टिमीटर, वायरीतला करंट मोजणारा टाँग टेस्टर, पाने-स्क्रूड्रायव्हर टाकले आणि सकाळची सुरतकडची पॅसेंजर धरली. नरडाण्याला उतरले तेव्हा छत्रीचा काही उपयोग नाही असा आडवा पाऊस होता.

"ऊनी का बहीन?" नाना दारातच उभे होते. "पाय धुई ले, मंग पोरले हात लाव."

मुलगी पाहिली. टोपऱ्यात तोंड दिसत नव्हतं एवढी लहान. हॉस्पिटलात शिकवलं होतं तसं मयुरीने तिला छातीशी धरून वरून गाउनची बटणं लावली होती. डोळे सुजलेले, झोप नाही. मी बाळाखालचं दुपटं चाचपलं. ओलसर नव्हतं, पण गार होतं. खिडकीही उघडी!

"अगं, कपडे जरा ऊन करून का नाही घालत?"

मयुरी नानांकडे बघायला लागली. नाना म्हणाले, "डॉक्टरनी सांगेल शे, शेक बिलकुल देवाना नही. बठ्ठं बंद."

मला काही पटेना. कुठला डॉक्टर असं सांगेल? मी तिथूनच धुळ्याला फोन लावला. डॉक्टर कोल्हापूरकडचे, बोलायला मोकळे. माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो बाई, धूर नको म्हटलं मी! तिची फुप्फुसं कोवळी आहेत. शेगडी, निखारे, धुरी काही नको. पण ऊब नको असं कोण म्हणेल? ऊब तर हवीच! कपडे कोरडे, गरम. खिडकी बंद. हातपाय गार पडले किंवा ताप मोजल्यावर मी लिहून दिलेल्या आकड्याच्या खाली गेला, तर लगेच घेऊन या."

घ्या. त्यांच्याकडे शेक म्हणजे शेगडी. आमच्याकडे शेक म्हणजे ऊबसुद्धा. एका शब्दाने त्या लेकराला गारठवलं होतं. मयुरी रडायला लागली. नाना उठले, खिडकी लावली आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. पाच मिनिटांत जळका वास आला. गॅसवर झबलं धरून तापवायला गेले होते, त्याची एक बाही गेली. "नाना, झबलं भाजायचं नाहीये," मी म्हटलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून पुढचं चिडवणं मी गिळलं.

मयुरीने इस्त्री काढली. इस्त्रीने झबली होत होती, पण दुपटी जाड, घड्या घातलेली. वरून गरम, आतून ओल. आणि गरम ओल तर अंगावर लगेच गार पडते. थोड्या थोड्या वेळाने कपडे बदलायचे, पुरणार किती? म्हणून म्हटलं, ड्रायरला हात घालू.

ड्रायर पडवीत होता. पंधरा-सोळा अँपिअरच्या सॉकेटला सप्लाय ठीक. चालू केला तर ड्रम मजेत फिरतोय, हवा थंडगार. मोटार बरी, हीटर गेला — हे कुणीही सांगेल. पण का गेला, ते शोधायचं असतं. जाळी उपसली तर कपड्यांच्या तंतूंची ही जाड गादी, जिनिंगमध्ये कापूस बसतो तशी. मागे बघते तर चेतनने मशीन भिंतीला चिकटवून ठेवलेलं आणि गरम हवा बाहेर जायचा पाइप मधेच चेपलेला. म्हणजे तोंड बांधून धावायला लावल्यासारखं झालं. आतली हवा बाहेर जाईना, उष्णता साठत गेली आणि थर्मल फ्यूज उडाला. हा फ्यूज जास्त तापलं की एकदाच तुटतो आणि मशीनला आग लागण्यापासून वाचवतो. मीटर लावला. बीप नाही. फ्यूज गेला.

"फुई, डायरेक्ट करून टाक ना," चेतन म्हणाला. "वायरीचा तुकडा लावून. आत्तापुरतं."

"आणि रात्री घराला आग लागली तर आत्तापुरती लागेल का?" मी म्हटलं. तो ओशाळला. इतक्या वर्षांत जितक्या जळालेल्या मशीन बघितल्या, त्यातल्या निम्म्या या 'आत्तापुरतं डायरेक्ट'नेच जळाल्या होत्या.

तसंही डायरेक्ट करून काही होणार नव्हतं. मागचं पत्र्याचं झाकण काढलं तर हीटरची कॉइलच मधून तुटलेली. एक टोक लोंबत होतं आणि डब्याच्या पत्र्याला टेकत होतं. धोकादायक काम! मी कॉइल तिच्या डब्यासकट बाहेर काढली, वायरींची टोकं टेपने बंद केली आणि डबा वर्तमानपत्रावर ठेवला. जळगावच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. फ्यूज होता, कॉइल त्याच मापाची शोधून उद्याच्या पॅसेंजरने पाठवतो म्हणाला.

तोपर्यंत काय? म्हटलं, थंड हवेवर का होईना, फिरू दे. पाणी तरी उडेल, मग इस्त्रीने भागवू. जाळी साफ, पाइप सरळ, झाकण परत लावलं. आत बाळाची दुपटी आणि झबली टाकली. बटण दाबलं. ड्रम फिरायला लागला.

नीट लक्षात घ्या. मशीनमध्ये हीटर नव्हता. तो माझ्या पायाशी वर्तमानपत्रावर पडला होता.

मी हात धुवायला गेले तोच आतून मयुरीचा आवाज आला. "फुई... फुई, पाय बघा."

बाळाचे पाय गार होते. माझ्या बोटांच्या पेरांएवढे ते पाय आणि असे गार की मी ते दोन्ही तळहातांत झाकून धरले. मघापासून त्या मुलीने दूधही ओढलं नव्हतं. काखेत थर्मामीटर धरला. डॉक्टरांच्या आकड्याच्या खाली. चेतनचा चेहराच उतरला. तो तसाच भिजत गाडी बघायला पळाला. रेल्वेच्या पुलाखाली पाणी भरलं होतं, पलीकडून फिरून यावं लागणार होतं. मयुरी फक्त एकच बोलत होती, "परत नको... परत नको." कुठे परत नको, ते ती म्हणत नव्हती. आम्हाला कळत होतं.

"खालचं दुपटं ओलं झालंय तिचं," मी म्हटलं, "आधी ते बदलू. काहीतरी कोरडं दे."

काहीच नव्हतं. एकही नाही, साड्या-चादरीसुद्धा दमट. मी पडवीत धावले की निदान ड्रायरमधलं त्यातल्या त्यात कमी ओलं बघावं. दार उघडलं. आत हात घातला.

आणि तसाच राहिला हात.

गरम होतं. कोमट नाही... गरम. नुकतं टोपलीवरून काढावं तसं. मी एक दुपटं ओढलं. खडखडीत कोरडं. आणि वास... ओवा, शेपा आणि त्यामागे ती लसणाच्या टरफलांची किंचित करपट झाक. कुणी डोळे बांधले असते तरी मी सांगितलं असतं हा वास कुठल्या घरातला आहे. धूर मात्र नव्हता. धुराचा एक धागा नव्हता.

विचार करायला वेळ नव्हता, ते बरंच झालं. मी सगळे कपडे कवटाळून आत नेले. मयुरीच्या अंगावर बाळाला तसंच ठेवून खालून-वरून दुपटी बदलली, पायांना गुंडाळलं, टोपरं घातलं. मयुरीने एक दुपटं नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा ड्रायर भरला, पुन्हा चालू केला, पुन्हा गरम कपडे आणले. तिसऱ्यांदा बदललं तेव्हा मुलीने तोंड फिरवलं, शोधलं आणि दूध ओढायला लागली. 'चुक् चुक्' तो आवाज! देवळातली घंटा मला कधी इतकी गोड लागली नाही.

चेतन गाडी घेऊन आला तोवर पाय उबदार होते. थर्मामीटर आकड्याच्या वर. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दूध पितेय, अंग ऊन आहे, तर अशा पावसात हलवू नका, थोड्या वेळाने परत मोजा आणि मला कळवा. गाडीवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग मी पडवीत परत आले.

पुढचं मी कसं केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही तेच प्रश्न विचारायचे कष्ट वाचतील. मशीन चालू असताना टाँग टेस्टर वायरीला लावला. मोटारीपुरता करंट. हीटर असता तर त्याच्या सहा-सातपट दिसायला हवा होता. मोटार घासून तापतेय का? हात लावला, नेहमीसारखी. पट्टा घसरतोय का? घसरला तर रबराचा वास येतो, ओव्याचा नाही. मशीन बंद करून झाकण परत उघडलं. कॉइलची जागा रिकामी. आतल्या पत्र्याला हात लावला तर पावसासारखा गार. गार पत्र्यातून आत जाणारी हवा गार, आणि ड्रममधले कपडे गरम. मग वाटलं, शेजारी कुणी धुरी करत असेल, मशीन तीच हवा ओढत असेल. छत्री घेऊन गल्लीभर फिरले. एका घराला कुलूप, दुसऱ्यात टीव्ही चालू, तिसऱ्यात भजी तळत होते. शेगडी कुठेच नाही. आमच्या स्वयंपाकघरात गॅस बंद. ओव्याची बाटली घट्ट.

परत आले आणि एक गंमत केली. नानांचं ओलं बनियन दोरीवर होतं. ते घेतलं आणि बाळाच्या ओल्या कपड्यांत, अगदी मध्ये गुंडाळून, ड्रममध्ये टाकलं. एकच ड्रम, एकच हवा, एकच वेळ. काढलं तेव्हा झबली-दुपटी गरम, खडखडीत. आणि त्यांच्या मधोमध नानांचं बनियन... गार. ओलं. पिळलं तर पाणी निघेल असं.

मी खाली फरशीवरच बसले. पोरांना शिकवते ना मी, वीज नातं बघत नाही म्हणून? हे जे काही होतं ते नातं बघत होतं. नातीचे कपडे ओळखत होतं.

नाना कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी ओलं बनियन माझ्या हातातून घेतलं, झटकलं आणि परत दोरीवर टाकलं. त्यांना जराही नवल वाटलं नव्हतं. याचंच मला जास्त नवल वाटलं.

"तिनी सांगेल व्हतं," ते म्हणाले. "मयुरीले दिवस गया व्हतात तवयच. 'इना शेक मी करसू, दुसरा कोनी हात लावाना नही.'"

हिचा शेक मीच करीन, असं सुमनवहिनी म्हणाली होती.

"आनि देख," नाना म्हणाले, आणि खरंच सांगते, वहिनी गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं, "धूर नही शे. मन्हं कधी ऐकं नही तिनी, पन डॉक्टरनं ऐकं."

मला भीती वाटली का? सगळे हेच विचारतात. नाही हो. मी लहान असताना आमच्या गावी एकदा धरणाचे दरवाजे उघडले होते, ते बघायला आम्ही गेलो होतो. ते पाणी बघून बोलती बंद झाली होती आणि कुणाचा तरी हात धरावासा वाटला होता. तसं वाटलं. आपण सोडून केवढं तरी मोठं काहीतरी आहे आणि ते आत्ता, या पडवीत, एवढुशा झबल्यांसाठी खपतंय. संध्याकाळभर आणि रात्रीही आम्ही आळीपाळीने मशीन भरलं. एकदाही कापड गार निघालं नाही. व्हिडिओ का नाही काढला, असं कुणी विचारणारच. काढला! त्यात एक बाई टाँग टेस्टर धरून बावळटासारखी उभी दिसते आणि ड्रम फिरतो. ऊब व्हिडिओत येत नाही, वास तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पॅसेंजरने कॉइल आणि फ्यूज आला. चेतन स्टेशनवरून घेऊन आला.

आणि मी ते बसवेना.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली होती. मला मोजायचं होतं. जळगावहून चांगला तापमापक मागवावा, कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना बोलवावं, दोन-चार दिवस मशीन असंच चालू ठेवावं. ज्यांना ज्यांना मी आजवर हसले त्या सगळ्यांना आणून दाखवावं. काय बिघडणार होतं? कपडे तर तापतच होते. मी म्हटलं, "नाना, राहू दे ना अजून थोडे दिवस. कॉइल काय, कधीही बसवता येईल."

नानांनी ड्रायरवर तळहात टेकवला.

"बसाडी दे," ते म्हणाले.

"अरे पण..."

"काल दुपारपासून उभी शे ती." त्यांचा आवाज अगदी साधा होता, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा. "तिना पाय दुखतस."

मी पान्याला हात घातला. एवढ्या वर्षांत कितीतरी कॉइली बसवल्या असतील, झोपेतही बसवीन. पण त्या दिवशी स्क्रू सापडत नव्हते, दिसत नव्हते, कारण डोळे भरून येत होते. फ्यूज बसवला, बीप आली. कॉइल बसवली. झाकण लावलं. बटण दाबायच्या आधी मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "वहिनी, घेते हं मी आता." मी! पॅनल बोर्डावरच्या मिरच्या पोह्यांत घालणारी!

टाँग टेस्टरवर हीटरचा पूर्ण करंट दिसला. मशीन दुरुस्त झाल्यावर तो आकडा बघून वाईट वाटलं, असं आयुष्यात एकदाच झालं. कपडे गरम निघाले. त्यांना नव्या तारेचा आणि तापल्या पत्र्याचा वास होता. मुद्दाम टाकलेलं नानांचं बनियनही आता गरम निघालं. नानांनी ते नाकाशी नेलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि नाही म्हणून मान हलवली.

मुलगी पुन्हा धुळ्याला गेली ती तपासणीला, आणि तिथून त्याच दिवशी घरी आली. आता बसते, हातात येईल ते तोंडात घालते. ड्रायर व्यवस्थित चालतो. नंतर मी गुपचूप, नाना घरात नसताना, एकदा कॉइल काढून बाळाची झबली फिरवून पाहिली. थंड निघाली. स्वतःचीच लाज वाटली आणि लगेच परत बसवली.

तुम्ही खाली काय काय लिहाल ते मला माहीत आहे. थकव्यामुळे भास, मीटर खराब, कुठेतरी दुसरा हीटर असेल. मीसुद्धा हेच लिहिलं असतं, याहून खवचटपणे. दुसरा हीटर नव्हता. मीटर आजही बरोबर दाखवतो. भास चौघांना एकदम होत नाही, आणि थर्मामीटरला तर होतच नाही. यापलीकडे मला काही ठाऊक नाही. वर्गात पोरांनी उष्णतेचं गणित विचारलं की मी अजूनही तेच जुनं उत्तर देते, फक्त पूर्वीसारखं टेबलावर हात आपटून देत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या दुपारी कॉइल बसवून मी हात पुसत होते, तेव्हा नाना आतून लाकडी पाट घेऊन आले. ड्रायरच्या शेजारी, भिंतीला टेकून बसता येईल असा ठेवला. मला वाटलं माझ्यासाठी. मी बसायला वाकले, तर नाना हळूच म्हणाले, "बस थोडी आता." ते माझ्याकडे बघत नव्हते.

पाट रिकामा होता. पडवी अरुंद, आत जायची वाट त्याच्यावरूनच. मी साडी सावरली आणि भिंतीला घासत, पाटाला वळसा घालून आत गेले.